कमळीची राखुंडी

साठी उलटली तरी कमळीच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, आणि त्यांच्या पहाऱ्यात एक जीभ होती जी कुणाच्याच पहाऱ्याला जुमानत नसे. वसईजवळ, कामणच्या अलीकडे, खाडीला लागून असलेल्या त्यांच्या पाड्यात कुणाला बांधावरून भांडण काढायचं असलं, तर तो आधी कमळी घरी आहे की बाहेर गेलीय याचा अंदाज घेई.

जिभेचं श्रेय ती आपल्या आईला देई. दातांचं मात्र राखुंडीला. राखुंडी तिची स्वतःची, विकतची नव्हे. भाताच्या तुसाची पांढुरकी राख घ्यायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळायची, त्यात भाजलेलं मीठ आणि लवंग कुटून घालायची. दिवाळी आटपली की कमळी वर्षभराची राखुंडी करायला बसे आणि मग डबे भरभरून अख्ख्या पाड्यात वाटत सुटे. तिचा नवरा काळूराम म्हणे, "अगो, देवाच्या परसादाला पन लोकं येवढा हात नाय पसरीत."

सकाळी मागीलदारी विहिरीजवळच्या धोंड्यावर दोघी बसत, कमळी आणि तिची नात. नात चार वर्षांची, नाव ऋतिका, घरात रितू. कमळी आपल्या बोटाने तिचे दुधाचे दात घासून देई, आणि रितू चुळीचं पाणी कुठवर उडतं ते बघत बसे. सून रीमा वटार गावची, बागायतदाराची मुलगी, बारावी झालेली. तिने पेस्ट आणून ठेवली होती, ब्रशवर ससा होता. ससा तसाच कोरडा राहिला.

"आई, निदान थुंकू तरी द्या तिला नीट," रीमा आतून ओरडे.

"थुकाची काय घाई हाय? गिळली तरी पोटाला गुनच हाय. हिचा आजा बघ, कधी ढेकर तरी देतो का वंगाळ?"

रितूला ती राखुंडी आवडायची. अलीकडे तर जास्तच. जराशी गोडसर लागते म्हणायची आणि बोट चाटून पुसून साफ करायची. कमळीला त्याचं भारी कौतुक. आजकालच्या पोरांना घरचं काही गोड लागत नाही, आणि ही बघा.

आता या राखेचीही एक गोष्ट होती. शेत बिल्डरकडे गेलं, गुरं विकली, घरात गॅस आला, गावातली भाताची गिरणी बंद पडली. बरं झालं म्हणावं तर राख कुठून आणायची? दोन वर्षं कमळीने लोकांकडून ओंजळ-ओंजळ मागून कशीबशी राखुंडी केली, आणि तिच्या मते ती राखुंडी नव्हतीच, नुसती धूळ होती. मग श्रीपत आला.

श्रीपत मूळचा देशावरचा. नालासोपाऱ्याला त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते चालेना, म्हणून तो भंगारात शिरला. लोखंडाच्या नाही, कॉम्प्युटरच्या भंगारात. दोन हजार चार-पाचचा सुमार तो. मुंबईतल्या ऑफिसांतून जुने कॉम्प्युटर टेम्पो भरभरून बाहेर पडत होते, आणि ते जातात कुठे याची त्या ऑफिसांना पर्वा नव्हती. ते काळूरामच्या रिकाम्या गोठ्यात येत होते. जिथे गाय बांधायची तिथे आता पडदे फुटलेले मॉनिटर रचलेले असत. मधोमध भट्टी, भट्टीवर पत्र्याचा तवा, तव्यावर कॉम्प्युटरच्या आतल्या हिरव्या पाट्या भाजायच्या. पाटी तापली की तिच्यावरचा डाक, म्हणजे भाग जोडणारा धातू, वितळे, मग चिमट्याने बारीकसारीक भाग खुडून काढायचे. श्रीपत आणि त्याचे दोन गडी तोंडाला रुमाल बांधून दिवसभर हेच करत.

वास यायचा. डोळे चुरचुरायचे, जांभळीच्या पानांवर काळा थर बसायचा. कमळीने पहिल्याच आठवड्यात श्रीपतचा उद्धार केला असता, पण तिने बघितलं, भट्टीत जाळायला तो वाडा तालुक्यातल्या गिरण्यांतून पोती भरभरून तूस आणत होता. भाताचं तूस! आणि संध्याकाळी भट्टीतून निघायची ती राख कशी, तर अगदी बघत राहावी अशी, मऊ, हलकी. देव दारात येऊन सूप धरायला सांगत होता. श्रीपतला काय, त्याला ती राख खाडीवर नेऊन टाकायचाच कंटाळा होता. "न्या ना मावशी, सगळी न्या," तो म्हणाला.

त्या दिवाळीला कमळीने आयुष्यातली सगळ्यात मोठी राखुंडी केली. गाळताना फडक्यावर बारीक चकचकीत मणी राहात होते, मोहरीएवढे, काही ज्वारीएवढे. कमळी काही टाकून देणारी बाई नव्हे. तिने ते करवंटीत जमवले आणि काळूरामला दिले. काळूराम खाडीत पाग टाकायचा. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, त्याच्या काठाला वजन लागतं. त्याने मणी नखाने दाबून बघितले, खूश झाला आणि वितळवून जाळ्याला ओवायला घेतले.

पुढच्या पावसाळ्यात रितूचं पोट दुखायला लागलं.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. पोरांची पोटं दुखतातच. मग ती जेवेना, चिडचिड करू लागली, चेहरा उतरला. अंगणवाडीत सगळ्यांच्या आधी गाणी पाठ करणारी पोर, ती अर्ध्यातच अडायला लागली, आणि अडली की रडायला लागली. कमळीने मीठ-मोहरी ओवाळली, चिंचोटीच्या रस्त्यावरच्या भगताकडून अंगारा आणला. अंगाराही राखच, पण तो रीमाने लावू दिला नाही, आणि त्यावरून घरात जे वाजलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. शेवटी प्रितेशने, म्हणजे कमळीच्या मुलाने, कंपनीतून रजा घेतली आणि सगळ्यांना वसईला फ्लॉसी डॉक्टरांकडे नेलं.

फ्लॉसी डॉक्टर लहान मुलांच्या. केस पांढरे, बोलणं सरळ, वायफळ एक शब्द नाही. त्यांनी रितूच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, घराभोवती काय काय आहे ते विचारलं, गोठ्याचं ऐकून मान हलवली आणि रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. पुढच्या खेपेला त्यांनी कागद समोर ठेवला.

"हिच्या रक्तात शिसं आहे. चांगलंच आहे."

"शिसं?" कमळी म्हणाली. "शिसं जाल्याला असते, बाय. रगतात कसं जाईल?"

"आई, गप बस गं," प्रितेश म्हणाला, आणि ते वाक्य तिथेच विरलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या पाट्यांच्या डाकात शिसं असतं, भट्टीच्या धुरातून, धुळीतून ते उडतं, पोरं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात. शिसं डोक्यावर परिणाम करतं, वाढ अडते. गोळ्या देता येतील, पण सगळ्यात मोठं औषध म्हणजे शिसं आत जायचं थांबलं पाहिजे. थांबलं तर मूल सुधारतं. नाही थांबलं तर झालेलं नुकसान भरून येत नाही, डॉक्टर म्हणाल्या. रीमाला ते कळलं.

त्याच संध्याकाळी काळूरामने श्रीपतला गोठ्यातून काढलं. श्रीपत भांडला नाही. तो रितूकडे बघत राहिला, म्हणाला, "काका, खरंच मला एवढं ठाऊक नव्हतं," आणि हायवेच्या पलीकडे गाळा बघून निघून गेला. अंगणातली वरची माती खरवडून काढली, गोठा धुतला, नवी माती टाकली. सगळं झाल्यावर रीमाने रितूचे कपडे बॅगेत भरले.

"मी हिला वटारला नेते. आकडा खाली आला की येईन. तोवर नाही."

"आता काय ऱ्हायलंय हितं?" कमळीचा आवाज चढला. "गोठा धुतला, अंगन खरवडलं. माज्या घरात काय इख हाय?"

रीमा म्हणाली, "मला माहीत नाही आई. म्हणूनच नेते."

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा कमळी मागीलदारी जाऊन धोंड्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. काळूरामने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

वटारला रितू सुधारली, हे मान्य करणं कमळीला जड जात होतं, पण सुधारली खरी. वाडीतली केळी, पपनस, आजोळचं दूध, वर औषध. प्रितेश दर रविवारी जायचा आणि येताना बातमी आणायचा. पोट दुखत नाही. गाणं पुरं म्हणाली. पुढच्या तपासणीत आकडा निम्म्यावर आला. कमळी देवाला हात जोडायची, आणि लगेच म्हणायची, "म्हंजे आता आनायला हरकत नाय." रीमाचं उत्तर ठरलेलं, अजून एक तपासणी होऊ दे.

एका रविवारी रितू फोनवर आली. "आजी, ती पेस्ट झोंबते. मला आपलं काळं पाहिजे." राखुंडीला ती काळं म्हणायची, असायची ती राखाडी. कमळीचा जीव सुपाएवढा झाला. सून पोरीला नेईल, पण पोरीच्या जिभेवरची चव कोण नेणार? तिने सगळ्यात मोठा डबा काढला, वर झाकणाला फडकं बांधलं आणि पुढच्या रविवारी दुधी-अळूच्या खाली घालून पाठवला. रीमानेही हरकत घेतली नाही. सासूचं एवढं तरी राहू दे, असा तिने विचार केला असावा.

तीन महिन्यांनी आकडा वर गेला. वटारला. भट्टीपासून कोसांवर, केळीच्या बागेत.

प्रितेश त्या संध्याकाळी आला तो जोडेही न काढता ओटीवर बसला. कमळीने सगळं ऐकून घेतलं, आणि खरं सांगायचं तर तिला आधी आनंद झाला. पोरीच्या दुखण्याचा नव्हे, देवाशपथ नव्हे; पण मनावरचा धोंडा असा सरकला की तिला उभंच राहवेना, ती नाचायचीच बाकी राहिली.

"बघ! आता बोल म्हना! माज्या घरात इख होतं नाय? मग तिच्या बापाच्या वाडीत काय अमरुत हाय? माजं घर धुतलं, माजं अंगन खरवडलं, चोर सोडून सन्याशाला फाशी!"

"आई, ऐक. डॉक्टर विचारत होत्या, आपल्या घरातून त्या घरात काय काय जातं."

"दुधी जातो. अळू जातो. माजी माया जाते. त्यांना सांग, मायेत शिसं नसते."

प्रितेश जोडे काढून आत गेला. कमळी त्या रात्री खुशाल झोपली. अशी झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सकाळी प्रितेश पहिल्या पाळीला गेला. कमळी धोंड्यावर बसली, राखुंडीचा डबा मांडीवर, बोट तोंडात. विहिरीच्या काठाला काळूराम पाग पसरून दुरुस्त करत होता. खाडीत कशाला तरी अडकून जाळ्याचा एक काठ फाटला होता.

"अगो, ते आजून हायत का?"

"कं?" बोट तोंडात असल्यामुळे कमळीला एवढंच म्हणता आलं.

"ते मनी. हितलं वजन पडलंय. शिशाचे मनी गो, तुज्या राखुंडीत निंगाले होते ते."

कमळीचं बोट तोंडातच राहिलं.

शिशाचे मणी. राखुंडीत निघालेले. तिने स्वतःच्या हाताने गाळून काढलेले. मोठे फडक्यावर राहिले, ते तिने नवऱ्याला दिले. आणि फडक्यातून खाली गेले ते? ते किती बारीक असतील, किती असतील? भट्टीत तूस खाली, तवा वर, आणि तव्यावरून डाक गळतो कुठे, तर तुसात. ती कितीतरी दिवस ती भट्टी बघत होती. डॉक्टर बाई धुरात शोधत होती, सून अंगणात शोधत होती, ती स्वतः भगताकडे शोधत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. आणि तो कळसा तिने फडकं बांधून वटारला पोचता केला होता.

ती थुंकली. पुन्हा थुंकली. मग विहिरीचं पाणी ओढून चुळांवर चुळा भरल्या. काळूराम जाळं सोडून उभा राहिला. "काय गो? काय झाला?"

तिच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. आलं की डबा उचलावा, खाडीत उपडा करावा आणि गप्प बसावं. कुणाला कळणार नव्हतं. भट्टीच्या धुराचा दोष भट्टीवरच राहिला असता, आणि कमळीची राखुंडी कमळीचीच राहिली असती, अख्ख्या पाड्यात नाव असलेली. एवढं मनात येईपर्यंत तिला दिसलं, रितू आत्ता उठली असेल. तोंड धुवायला बसली असेल. बोट चाटत असेल.

"अवं, फोन लावा! वटारला फोन लावा!"

कमळीने जन्मात स्वतः फोन लावला नव्हता. नंबर भिंतीवर पेन्सिलीने लिहिला होता, तो काळूरामने चष्मा शोधून वाचला, तिने बटणं दाबली, एकदा चुकली, पुन्हा दाबली. पलीकडे रीमाच आली.

"रितू कुठं हाय?"

"मोरीवर बसलीय. दात घासायला. काय झालं आई?"

"डबा हिसकाव."

"काय?"

"तिच्या हातातला डबा हिसकाव रीमा! राखुंडी! तिचं तोंड धू, धा येळा धू, मग माज्याशी बोल!"

रिसीव्हर आदळल्याचा आवाज आला. मग पत्र्याचा डबा फरशीवर घरंगळल्याचा, मग रितूचं भोकाड. कमळी कानाला फोन लावून उभी राहिली. ते रडणं ऐकवत नव्हतं, तरी तिला फोन ठेववेना. बऱ्याच वेळाने रीमा परत आली, धापा टाकत.

"धुतलं. फेकते तो डबा."

"फेकू नको. बांधून ठेव, डॉक्टरबायला दाखवाला लागंल." मग कमळीने सांगितलं. भट्टी, तूस, मणी, जाळं, सगळं. अडखळत सांगितलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या विरुद्ध बोलत होती आणि त्याचा तिला सराव नव्हता. "तू इचारलं होतंस ना, घरात काय हाय. मीच होते गो घरात. माजंच हे बोट."

आता सून काय बोलेल ते ऐकायला ती खांबाला धरून उभी राहिली. बोललीच पाहिजे, तिच्या जागी कमळी असती तर वसईपर्यंत ऐकू गेलं असतं.

रीमा म्हणाली, "आई, तुम्ही पण तीच लावता ना? आज लावलीत?"

कमळीला एकदम हुंदका फुटला. तिने फोन काळूरामच्या हातात दिला आणि खाली बसली.

पण बसून भागणार नव्हतं. दिवाळीत वाटलेले डबे पाड्यात घरोघरी होते. ज्या दारांतून ती मिरवत गेली होती, त्याच दारांतून ती भर उन्हात परत फिरली, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन. "माजी राखुंडी परत द्या. इखारी हाय. पोरांना कोनाला लावली असंल तर वसईला न्या." काही बायका हबकल्या. काहींना वाटलं, कमळी रागावून दिलेलं परत मागतेय. नथूची बायको, जिच्याशी कमळीचं गेली दहा वर्षं कुंपणावरून वाजत होतं, ती दारात हात कमरेवर ठेवून म्हणाली, "बरं झालं बाय, आमी तुजी राखुंडी कधी लावलीच नाय. भांडी घासतो तिनं."

"भांडी पन धू," कमळी म्हणाली, आणि पुढच्या दाराला गेली. एरवी या एका वाक्यावर आठवडा निघाला असता.

शेवटी ती हायवेपलीकडे श्रीपतच्या गाळ्यावर गेली. तिथेही तशीच भट्टी पेटलेली होती. त्यालाही तिने एक डबा दिला होता. तो हसला आधी. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचा उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबत होता, स्क्रू पिळायचा तर डाव्या हाताने आधार द्यावा लागत होता.

"हे कधीपासून?"

"असंच, दमायला होतं, मावशी."

"दमायला नाय, हे तुजंच शिसं हाय," कमळी म्हणाली आणि त्याला, त्याच्या दोन गड्यांना, रिक्षात घालून फ्लॉसी डॉक्टरांच्या दारात नेऊन उभं केलं. आपण लहान मुलांच्या डॉक्टर आहोत, असं डॉक्टर म्हणाल्या. "हे मोठे झालेत कुठं, बाय?" कमळी म्हणाली. डॉक्टरांनी त्यांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली.

मग त्यांनी कमळीचंही रक्त काढलं. आकडा आला तो नातीपेक्षा वर. सांधे ठणकायचे, तोंडाला धातूची चव यायची, पोट गच्च व्हायचं, ते सगळं वयाचं म्हणून तिने पदराआड ठेवलेलं. डॉक्टरांनी तिच्या हिरड्या बघितल्या, दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती.

"दात छान आहेत तुमचे," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे बाय, त्यांचं नको काडू," कमळी म्हणाली.

जमा केलेली राखुंडी, जाळ्यातले मणी, अंगणातली खरवडलेली माती, सगळं प्रितेशने पिंपात भरून झाकण डांबराने बंद केलं. खाडीत टाकायचं नाही, पुरायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच्या कंपनीचा विषारी कचरा न्यायला लांबून एक गाडी यायची, तिच्या ड्रायव्हरच्या आणि साहेबाच्या मागे लागून त्याने ते पिंप चढवलं. त्या दिवशी काळूरामने वजनं काढलेलं जाळं ओटीवर टांगलं आणि बाजारातून मासळी आणली. जाळ्याला पुढे दगडाची वजनं लावली. नीट फेकलं जात नाही म्हणून तो कुरकुरत असे, पण शिसं काही त्याने पुन्हा घरात आणलं नाही.

पुढच्या तपासणीला आकडा उतरला. त्याच्या पुढच्या तपासणीला आणखी उतरला, आणि त्यानंतर फ्लॉसी डॉक्टरांनी कागद बघून चष्मा काढला आणि पहिल्यांदा हसल्या. "आता हिला शाळेत घाला. आणि वर्षभर माझ्याकडे आणत राहा." श्रीपतचा पंजाही थोडा थोडा वर यायला लागला होता. त्याने भट्टी मोडली आणि पुन्हा टीव्ही दुरुस्त करायला बसला, दुकानाची जुनी पाटी लावून.

रितू आली त्या दिवशी कमळी सकाळपासून दारात होती. रिक्षा थांबली, रीमा उतरली, तिने पोरीला उचलून सरळ कमळीच्या कडेवर दिलं. मग बॅग घेऊन ती आत गेली. कमळीला पोर जड लागली. चांगली जड. तिने तिचे गाल चाचपले, दंड चाचपले आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती वेड्यासारखी हसत सुटली. काळूरामने विचारलं, काय झाला, तर तिला सांगताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागीलदारी गेली तर धोंड्यावर रितू आधीच बसलेली. एका हातात सशाचा ब्रश, आणि दुसऱ्या हातात नवा कोरा, मोठ्या माणसाचा. शेजारी पेस्टची ट्यूब.

"हा तुझा. आईने आणलाय."

कमळी बसली. रितूने जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी ट्यूब दाबून, अर्ध्या अंगणाला पुरेल एवढी पेस्ट त्या ब्रशवर ओतली. साठ वर्षांत कमळीने दातांना असलं काही लावलं नव्हतं. घासायला लागली तसा फेसच फेस झाला, जीभ झोंबली, डोळ्यांत पाणी आलं. दाराच्या आडून रीमा बघत होती, तिला हसू आवरत नव्हतं.

"कसलं गो हे," कमळी फेसातून म्हणाली आणि तो गिळायला लागली.

रितूने झटकन तिची हनुवटी धरली. "आजी, गिळायचं नाही! थुंक."

कमळी थुंकली.

"सगळं?"

कमळीने चूळ भरली, पुन्हा थुंकली आणि नातीपुढे आ केला. रितूने आत वाकून, अगदी डॉक्टरसारखं, एकेक दात बघून घेतला.